बिल शून्य, कोळसा चालू!

२०२५ च्या गुढीपाडव्याला आमच्या सोसायटीत दोन गुढ्या उभ्या राहिल्या. एक नेहमीची, गेटपाशी. दुसरी टेरेसवर... ४० किलोवॅटची! सेक्रेटरी काकांनी फीत कापली, श्रीखंड-पुरी झाली, सगळ्यांनी नव्याकोऱ्या निळ्या पॅनलसमोर फोटो काढून घेतले. आणि लिफ्टशेजारी हे भलंमोठं बॅनर लागलं : 'कोळशाला बाय-बाय!' खाली गॉगल घातलेला सूर्य.

ही लाइन माझी. अॅड एजन्सीत कॉपी लिहून पोट भरणारीला सोसायटीत दुसरं काय काम मिळणार? पण खरं सांगते, मी जाम खूश होते. बॅनरसमोरचा सेल्फी ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, बॉसनेही अंगठा दाखवला. आमचा बॉस सहसा अंगठा दाखवत नाही.

गडबड एकच झाली. त्याच दिवशी बाबा चंद्रपूरहून आले होते.

माझ्या बाबांची चौतीस वर्षं चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रात गेली. कंट्रोल रूम, शिफ्ट ड्युटी, दिवाळीलाही नाइट. माझं शिक्षण, माझ्या लग्नातला हॉल, या फ्लॅटच्या डाउन पेमेंटमधला मोठा हिस्सा... सगळं कोळशाच्या पगारातलं. बाबा बॅनरसमोर थांबले. चष्मा वर सरकवला. दोनदा वाचलं.

"छान आहे," म्हणाले. "अन् रात्री?"

मी हसून टाळलं. पण त्या दोन शब्दांनी पुढचे कित्येक महिने माझी पाठ सोडली नाही.

गच्चीचं गणित

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा चहाचा कप घेऊन टेरेसवर गेले आणि परत येताना सेक्रेटरी काकांकडून सोसायटीची बिलं घेऊन आले. निवृत्त माणसाच्या हातात बिलं आणि पेन्सिल आली की समजायचं, आता आपली सुट्टी गेली.

"एक किलोवॅटचं पॅनल दिवसाला किती युनिट देतं?"

मला माहीत होतं. विकणाऱ्याने सांगितलं होतं. वर्षाची सरासरी काढली तर साधारण चार.

"म्हणजे तुमच्या चाळीसचे एकशेसाठ. महिन्याचे अठ्ठेचाळीसशे. लिफ्ट, पंप, पार्किंगचे दिवे... ते भागलं. आता फ्लॅट किती? चौऱ्याऐंशी. एकेका घराला महिन्याला दोनशे युनिट धर. सोळा हजार आठशे. ते कुठून येतात?"

आमची बिल्डिंग बारा मजली. टेरेस मात्र एकच! पुण्या-मुंबईत राहणाऱ्या आपल्यासारख्यांची ही साधी, पण कुणी न सांगितलेली अडचण आहे. एका किलोवॅटला ढोबळमानाने शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते. बंगलेवाल्याच्या डोक्यावरचं छप्पर त्याचं एकट्याचं. आपल्या डोक्यावरच्या छपराचे चौऱ्याऐंशी वाटेकरी. त्यात पाण्याच्या टाक्या, डिशच्या छत्र्या आणि कुणीतरी वाळत घातलेले पापड.

बरं, ते एकशेसाठ युनिट तरी आम्ही वापरतो का? लिफ्टला खरी गर्दी सकाळी नऊला आणि संध्याकाळी आठला. पार्किंगचे दिवे रात्रभर. पंप पहाटे पाचला, कारण वॉचमनला तीच वेळ सोयीची. दुपारी एक वाजता वर सूर्य रग्गड वीज बनवतोय आणि खाली बिल्डिंग झोपलेली! ती वीज तारेतून बाहेर जाते, शेजारचं कुणीतरी वापरतं. रात्री आपण तेवढेच युनिट ग्रिडमधून परत घेतो. मीटर दोन्हींची वजाबाकी करतं आणि बिल जवळपास शून्य येतं. जवळपास अशासाठी, की फिक्स्ड चार्जेस कुणाच्या बापाला चुकलेले नाहीत.

याला नेट मीटरिंग म्हणतात. योजना चांगलीच आहे, तिच्याशिवाय आमच्या सोसायटीने एक पॅनलही लावलं नसतं. पण तिच्यामुळे एक गोड गैरसमज होतो. दुपारचा युनिट आणि रात्रीचा युनिट बिलावर सारखाच दिसतो. बाबांच्या भाषेत, "तू दुपारी शेजाऱ्याला आंबे दिले अन् रात्री त्याच्याकडून कोळसा आणला. वजन सारखं, म्हणून हिशेब मिटला."

पन्नास टक्के, पण कशाचे?

जुलै २०२५ मध्ये बातमी आली. एव्हाना बाबा चंद्रपूरला परतले होते. बातमी खरोखर जबरदस्त होती : भारतातल्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता आता कोळसा, गॅस, डिझेल सोडून इतर स्रोतांची! जूनअखेरचा आकडा साधारण ४८५ गीगावॅट, त्यातले २४३ सूर्य, वारा, पाणी, अणू वगैरेंचे. हे लक्ष्य २०३० चं होतं. पाच वर्षं आधीच गाठलं. (एक गीगावॅट म्हणजे हजार मेगावॅट. चंद्रपूरचं केंद्र सध्या २,९२० मेगावॅटचं, म्हणजे जेमतेम तीन गीगावॅट.)

मी लगेच बाबांना फोन लावला. बघा, जिंकलो की नाही?

"क्षमता न? चांगलंच आहे. युनिट किती?"

हाच तो खेळ. तुमच्या ऑफिसात शंभर माणसं आहेत. पन्नास जण रोज बारा-चौदा तास राबतात. उरलेल्यांत बरेच जण ऊन पडलं तर येतात, काही जण वारा सुटला तर. हजेरीपटावर निम्मे-निम्मे! काम कुणी किती केलं, हा वेगळा प्रश्न. एक किलोवॅट सौर पॅनल दिवसाला चार युनिट देतं. एक किलोवॅट कोळशाची क्षमता आपल्याकडे सरासरी सोळाच्या आसपास. म्हणून क्षमतेत बरोबरी झाली, तरी २०२४-२५ या वर्षात देशात तयार झालेल्या दर शंभर युनिटांपैकी सत्तरहून जास्त युनिट कोळशाचेच होते. त्याच वर्षी मार्चमध्ये देशातलं कोळशाचं उत्पादन पहिल्यांदाच वर्षाला शंभर कोटी टनांच्या पुढे गेलं. दोन्ही विक्रम एकाच देशाचे, काही महिन्यांच्या अंतराने. दोन्ही वेळा पेढे वाटले गेले.

म्हणजे सौरऊर्जा नुसतीच हवा आहे? मुळीच नाही. २०१४ मध्ये देशात सौर क्षमता तीन गीगावॅटही नव्हती, जानेवारी २०२५ मध्ये ती शंभरावर गेली. २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडला इथल्या लिलावात सौर विजेचा भाव २ रुपये ४४ पैसे युनिटपर्यंत उतरला. नव्या कोळसा केंद्राला या भावात वीज देणं स्वप्नातही शक्य नाही. दुपारी बारा वाजता सूर्याने कोळशाला हरवलंय, स्वच्छ हरवलंय. मॅच अडते ती संध्याकाळच्या सत्रात.

साडेसात ते साडेअकरा

तुमची-माझी संध्याकाळ आठवून बघा. सातला ऑफिस सुटतं. साडेसात-आठला आपण घरात. लाइट, टीव्ही, गीझर, इंडक्शन, मायक्रोवेव्ह, दोन लॅपटॉप, चार मोबाइल. आणि मे महिना असेल तर दहा वाजता बेडरूमचा एसी, सकाळी सहापर्यंत. नेमका तेव्हा सूर्य ड्युटी संपवून गेलेला असतो. देशात दरवर्षी कोटभराहून जास्त नवे एसी विकले जातात. ते लावणारे आपणच.

मी बाबांना विचारलं, माझ्या एसीची एक रात्र म्हणजे किती कोळसा? त्यांना आकडा पाठ होता. आपल्या कोळशात एका युनिटला साधारण सातशे ग्रॅम लागतात. एसीचे रात्रीचे आठ युनिट धरा, आणि ती सगळी वीज कोळशाची धरा. साडेपाच किलोच्या वर! त्यातून राख निघते दोन किलोच्या आसपास, कारण भारतीय कोळशात राखच भरपूर. मी त्या रात्री बेडरूमच्या कोपऱ्याकडे बघत बसले. तिथे रोज सकाळी साडेपाच किलो कोळशाची पिशवी ठेवायची आणि दोन किलो राख उचलून न्यायची, अशी व्यवस्था असती तर मी एसी २६ वर ठेवला असता. कदाचित लावलाच नसता.

मग रात्रीपुरता कोळसा पेटवायचा आणि दिवसा विझवायचा, असं का नाही करत? मलाही हेच वाटायचं. पण कोळशाचा बॉयलर म्हणजे गॅसची शेगडी नव्हे. पूर्ण थंड झालेलं युनिट पुन्हा चालू करायला कित्येक तास जातात, वर तेल जाळावं लागतं ते वेगळं. म्हणून दुपारी ते विझवत नाहीत, मंद करतात. किती मंद करता येतं यालाही मर्यादा. आपल्याकडे ती पूर्ण क्षमतेच्या ५५ टक्के मानली जाते, आणि ती टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांवर न्यायचे नियम २०२३ मध्ये आले. बाबांच्या जुन्या सहकाऱ्यांना हे अजिबात आवडत नाही. रोज तापवा, रोज निववा. नळ्यांना ताण येतो, तडे जातात, दुरुस्ती वाढते. "एका लयीत चालायला बांधलेल्या मशीनला रोज झिम्मा खेळायला लावून राहिले," असं एक काका म्हणाले.

दुपारी दुसरीच गंमत होते. २०२५ मध्ये राजस्थानात काही सौर प्रकल्पांना भर दुपारी वीज कमी करायला सांगावं लागलं. कारण? वीज वाहून नेणाऱ्या तारा पुरेशा नव्हत्या. पॅनल वर्षा-दीड वर्षात उभं राहतं, मोठी वाहिनी टाकायला त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो.

मोठ्यांच्या घरीही तेच

आमच्या इन्व्हर्टरच्या खोक्यावर 'मेड इन चायना' होतं. जगातली ऐंशी टक्क्यांहून जास्त सौर पॅनल बनवण्याची ताकद आज त्या एका देशाकडे आहे. २०२४ या एका वर्षात चीनने सुमारे २७७ गीगावॅट सौर क्षमता लावली. आपली आजवरची सगळी मिळून जेवढी होती, त्याच्या दुपटीहून जास्त, एका वर्षात! मे २०२५ मध्ये तर एका महिन्यात ९३. (जूनपासून नव्या प्रकल्पांचे दर बदलणार होते, म्हणून सगळे तुटून पडले. सवलत संपायच्या आत उरकून घ्यायची सवय फक्त आपल्याला नाही.) आणि त्याच २०२४ मध्ये त्याच चीनमध्ये ९४ गीगावॅटहून जास्त नव्या कोळसा केंद्रांचं बांधकाम सुरू झालं. जगात जळणाऱ्या कोळशातला निम्म्याहून अधिक कोळसा तिथेच जळतो. सूर्याचा सगळ्यात मोठा भक्त आणि कोळशाचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक एकच.

माझी कॉलेजची मैत्रीण जर्मनीत, ड्युसेलडॉर्फला असते. तिला वाटायचं आपण सुटलो. वीस-पंचवीस वर्षं त्या देशाने पवनचक्क्या आणि पॅनलवर पैसा ओतला, आज तिथली निम्म्याहून जास्त वीज नूतनीकरणीय स्रोतांतून येते. एप्रिल २०२३ मध्ये शेवटची अणुकेंद्रंही बंद केली. पण त्याच वर्षी जानेवारीत तिच्या घरापासून फार लांब नसलेलं ल्युत्सेराथ नावाचं खेडं रिकामं करून पाडलं गेलं. कशासाठी? खालच्या तपकिरी कोळशासाठी. 'डुंकेलफ्लाउटे' हा शब्द मला तिनेच शिकवला. ऊन नाही, वाराही नाही असे हिवाळ्यातले काळोखे दिवस. डिसेंबर २०२४ मध्ये असेच दोन-चार दिवस आले आणि तिथल्या बाजारात विजेचे भाव काही तासांसाठी आकाशाला भिडले. जर्मन लोकांकडे प्रत्येक दुःखाला एक शब्द असतो, म्हणाली.

ब्रिटनने मात्र करून दाखवलं. १८८२ मध्ये लंडनच्या हॉलबर्नमध्ये कोळशावरचं पहिलं सार्वजनिक वीज केंद्र उघडणाऱ्या देशाने ३० सप्टेंबर २०२४ ला आपलं शेवटचं कोळसा केंद्र बंद केलं. १४२ वर्षं! पण तिथे कोळशाची जागा निम्मी-शिम्मी गॅसने घेतली होती, आणि मुख्य म्हणजे तिथली विजेची मागणी वाढत नव्हती. अमेरिकेत २०२४ मध्ये वारा आणि सूर्य मिळून कोळशाच्या पुढे गेले, आणि तोच देश आज जगात सगळ्यात जास्त खनिज तेल काढतो.

आपली अडचण वेगळी. भारतात माणशी वर्षाला साधारण १,४०० युनिट वापरले जातात. जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे मागणी वाढणारच, वाढायलाच हवी. ३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गीगावॅटवर गेली, तो विक्रम होता. सूर्य रोज नवं ताट वाढतोय, पण पंगतीत रोज नवी माणसं येऊन बसताहेत. जुन्यांच्या पानातला कोळसा तसाच. म्हणूनच २०३१-३२ पर्यंत आणखी किमान ८० गीगावॅट कोळसा क्षमता उभारायचं केंद्र सरकारने ठरवलं.

आणि तरीही एक गोष्ट मला फार आशेची वाटते. २०२५ च्या पहिल्या सहा महिन्यांत भारत आणि चीन, दोन्हीकडे कोळशाची वीज आदल्या वर्षीपेक्षा थोडी घटली. आपल्याकडे उन्हाळा सौम्य होता, मागणी फारशी वाढली नाही, हे कारण होतंच. पण पंगत थोडी थांबली की सूर्याचं ताट जुन्यांच्या पानापर्यंत पोचतं, हे त्या सहा महिन्यांनी दाखवलं.

दिव्याखाली

इथे मला थोडं मागे जायचंय, कारण 'बाय-बाय' म्हणताना मी काय विसरले होते ते मला उशिरा आठवलं.

मी वाढले ऊर्जानगरमध्ये, म्हणजे वीज केंद्राच्या कॉलनीत. २००५-०६ च्या सुमाराचा महाराष्ट्र आठवतो? बारा-बारा तास लोडशेडिंग. एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प २००१ मध्ये बंद पडलेला, नवी वीज कुठूनच नाही. आमच्या कॉलनीत मात्र दिवे जात नसत. भिंतीपलीकडच्या गावात ठार अंधार! माझ्या वर्गातली एक मुलगी रोज संध्याकाळी आमच्याकडे अभ्यासाला यायची, कारण तिच्या घरी दिवा नसायचा. चिमण्यांचा धूर तिच्या घरावर जास्त पडायचा आणि वीज आमच्या घरात. त्याच सुमारास पुण्यात वेगळाच प्रयोग झाला : कारखान्यांनी आपले डिझेल जनरेटर चालवायचे आणि वाचलेली वीज शहराला द्यायची, खर्च ग्राहकांनी थोडा-थोडा उचलायचा. २००६ चं 'पुणे मॉडेल' ते हेच. शहर उजळलं. डिझेलवर का होईना.

आई टेरेसवर कपडे वाळत घालायची आणि झटकून आत आणायची. राख. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी काढली, त्यात चंद्रपूर पहिल्या पाचांत होतं. बाबा घरी या विषयावर बोलत नसत. रिटायर झाल्यावर एकदाच म्हणाले, "आम्ही काय हौसेनं धूर काढला? तुमच्या मुंबईची लोकल थांबली असती तर पेपरात आमचंच नाव आलं असतं."

त्यांची पहिली शिफ्ट २१० मेगावॅटच्या ज्या जुन्या युनिटवर लागली होती, ते आता कायमचं बंद आहे. पहिली दोन्ही युनिट गेली. बाबांना त्याचं दुःख आहे का, मी विचारलं नाही. त्यांचा मुद्दा दुसराच होता. ते म्हणाले, युनिट बंद झालं तर मशीनवरचा माणूस दुसऱ्या युनिटवर जातो. पण गेटबाहेरचा चहावाला, कंत्राटावर राख उचलणारा, कोळशाचा ट्रकवाला, त्यांना कोण कुठे पाठवतं? पॅनल लागतात राजस्थानात, गुजरातेत; फार तर आपल्या धुळ्यात. खाण आहे चंद्रपुरात. सूर्य सगळीकडे उगवतो हे खरं, नोकरी नाही उगवत.

या वाक्यावर माझ्याकडे चकचकीत टॅगलाइन नव्हती. आजही नाही.

वीकएंडला बघितलेली बॅटरी

मग संध्याकाळचं काय करायचं? दोन उत्तरं आहेत, आणि दोन्ही तुम्ही बघितलेली आहेत.

पहिलं, वीज साठवा. भंडारदऱ्याजवळ घाटघरला ट्रेकला गेलायत ना? कोकणकड्यावर उभं राहून फोटो काढलेत? तिथे २५० मेगावॅटची एक बॅटरी आहे! वर एक धरण, घाटाखाली शहापूर तालुक्यात दुसरं. वीज शिल्लक असेल तेव्हा खालचं पाणी वर चढवायचं, गरज पडली की सोडून द्यायचं, टर्बाइन फिरतं. २००८ पासून चालू आहे. आधी अशा केंद्रांसाठी शिल्लक वीज रात्रीची असायची, आता ती दुपारची होऊ लागलीय. भिवपुरी आणि शिरवता इथे असेच मोठे प्रकल्प उभारायचा करार टाटा पॉवरने राज्य सरकारशी २०२३ मध्ये केला. खऱ्याखुऱ्या बॅटऱ्याही झपाट्याने स्वस्त होताहेत. डिसेंबर २०२४ च्या एका सरकारी लिलावात सौर आणि काही तासांची बॅटरी मिळून साडेतीन रुपये युनिटच्या आसपास भाव आला. मला विचाराल तर कोळशाला खरी धास्ती पॅनलची नाही, या आकड्याची वाटायला हवी.

(घाटावरच्या पाण्याने वीज बनवणं आपल्याला नवं नाही. १९१५ मध्ये खोपोलीहून टाटांची जलविद्युत मुंबईत पोचली आणि गिरण्यांनी कोळसा सोडून ती घेतली. म्हणजे मुंबई शंभर वर्षांपूर्वी 'ग्रीन' झाली होती! पण त्यापाठोपाठच्या धरणात जमिनी जाणाऱ्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर मुळशीचा सत्याग्रह केला. स्वच्छ वीजही कुणाच्यातरी अंगणातूनच येते. लवासाला जाताना आठवा.)

दुसरं उत्तर जास्त स्वस्त. वीज साठवण्याऐवजी कामच दुपारी करा. हे शेतकऱ्याला आपल्याआधी कळलं. रात्रीच्या विजेवर मोटर चालू करायला विंचू-सापांतून, आमच्याकडे तर वाघ-बिबट्यांतून जाणाऱ्या माणसाला दिवसा वीज मिळाली तर ती त्याला हवीच आहे. राज्यात २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजना आहे, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला, लक्ष्य १६,००० मेगावॅट. गावाजवळ पॅनल, शेतीच्या फीडरला दिवसा वीज. ऊन असताना पाणी. बॅटरीची गरजच नाही. बाबांचे वरोऱ्याचे चुलतभाऊ या एका गोष्टीसाठी कोणत्याही सरकारला मत द्यायला तयार आहेत.

जनरल बॉडी

बाबा दिवाळीला परत आले, तेव्हा आमच्या जनरल बॉडी मीटिंगमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंग पॉइंटचा विषय होता. बारा जणांनी गाड्या घेतल्यात, मीही त्यातली. खनिज तेलाचा ८५ टक्क्यांहून जास्त वाटा आपण बाहेरून आणतो, त्यामुळे गाडी विजेवर नेणं शहाणपणाचंच. पण आपण ती लावतो कधी? आठला घरी आलो की प्लग! बरोबर त्या वेळेला, जेव्हा चंद्रपूरला लोड वाढवतात.

बाबा सभासद नाहीत, तरी बोलले. मराठी माणसाला मीटिंगमध्ये गप्प बसवणारा अजून जन्माला यायचाय.

"पंप दुपारी बाराला लावा. टाकी म्हणजे बॅटरीच आहे, फुकटची. अन् गाड्या संध्याकाळी लावू नका. सुट्टीच्या दिवशी दुपारी लावा, नाहीतर रात्री बारानंतर, गर्दी ओसरल्यावर."

"पण काका, बिलात काय फरक पडणार? नेट मीटर आहे ना आपलं!" तिसऱ्या मजल्यावरचा सीए.

"बिलात नाही पडत."

सगळे थांबले. मला वाटलं आता बाबा भाषण करतील. पण ते खाली बसले. पंपाचा ठराव पास झाला, वॉचमनची कुरकुर वगळता. गाड्यांचा विषय पुढच्या मीटिंगवर गेला, कारण खर्च कुणी किती उचलायचा यावर पाऊण तास भांडण झालं. मी माझ्यापुरती गाडी शनिवारी दुपारी चार्ज करते. ऑफिसच्या पार्किंगमध्ये दिवसा चार्जिंगची सोय करा म्हणून अॅडमिनला मेल टाकलाय. आमच्या सगळ्या गाड्या नऊ ते सहा तिथेच उभ्या असतात, नेमक्या ऊन असताना. उत्तर आलंय : 'पुढच्या क्वार्टरला बघू.'

बॅनरचं म्हणाल तर ते मी स्वतःच उतरवायला सांगितलं. नवं काही लिहून द्या, सेक्रेटरी काका म्हणाले. 'दुपारी बाय-बाय, रात्री हाय-हाय' असं बाबांनी सुचवलं. काकांना ते पटलं नाही. जुनं बॅनर वॉचमन घेऊन गेला, त्याच्या स्कूटरवर आता तेच असतं. फ्लेक्स चांगला जाड आहे, पाणी आत जात नाही. सूर्याचा गॉगल नेमका हेडलाइटवर येतो.

काल रात्री पावणेदहाला बाबांना फोन केला. ते गच्चीत उभे होते, चिमण्यांकडे बघत.

"धूर वाढला की नाही?" मी विचारलं.

"वाढला न. एसी लावला का तू?"

लावला होता. २६ वर.